दाजींच्या जिभेची परीक्षा

मामाच्या डोक्यात खोडी शिरली की त्याचा डावा कान लाल व्हायचा. आज सकाळपासून दोन्ही कान लाल होते.

हिवाळी बिअर म्हणजे दाजींची मिजास. काळसर, घट्ट, संत्र्याची साल, दालचिनी आणि लवंग घातलेली. थंडी पडली की तेवढ्या एका ग्लाससाठी लोक त्यांच्या छोट्या ब्रुअरीच्या दाराशी उभे राहायचे. यंदा दाजींच्या खांद्यानं संप पुकारला, म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या लेकीनं, मामाच्या भाचीनं, बिअरची टाकी लावली होती. पण घरचा कायदा जुनाच. दाजी एक घोट घेणार. मान डोलली तर बिअर नळाला, नाहीतर अख्खी टाकी गटारात. मागं एका कारागिराची टाकी त्यांनी अशीच ओतून दिली. त्यानं बिअरचं नावच टाकलं, आता तो चहा विकतो.

भाची मघापासून एकच फरशी पुसत होती.

"मामा, बाबा नको म्हणाले ना, तर मी परत टाकीला हात लावणार नाही."

"घाबरतेस कशाला? मी आहे ना!"

"म्हणूनच घाबरतेय."

मामाचा बेत सरळ होता. असली कडक बिअर बाटलीत वर्षभर टिकते. गेल्या हिवाळ्यातली, दाजींच्या हातची एक बाटली त्यानं कपाटामागं दडवली होती. लेकीची म्हणून तीच पाजायची. आपल्याच हातच्या चवीला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!

दाजी आले. गळ्यात मफलर, कपाळावर आठ्या. मामानं अदबीनं ग्लास पुढं केला. दाजींनी वास घेतला, घोट घेतला आणि तोंड कसनुसं केलं.

"लवंग किती ती! बिअर केलीय का दातदुखीचं औषध?"

भाचीचा चेहरा पडला. मामाचा तर जबडाच.

"दाजी, अजून एक घोट घ्या की, नीट..."

"घेतला. संत्र्याचा पत्ता नाही. जीभ चिकटतेय नुसती. ओता!"

भाचीनं फडकं टाकलं. नाक ओढत गेली आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह तिनं धरला. मामा धावला तो ओल्या फरशीवरून घसरत थेट तिच्या पायाशी.

"थांब गं बये! ती तुझी नव्हतीच! ह्यांचीच होती, गेल्या वर्षीची!"

त्यानं खिशातून रिकामी बाटली काढली. दाजींनी लेबल वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"म्हणजे गेल्या वर्षी लोकांनी हे प्यायलं?"

"आवडीनं नाही, पण प्यायलं."

"आणि एकानंही सांगितलं नाही मला?"

"सांगणार कोण? चहा कुणाला विकायचाय?"

दाजींचं पोट हलायला लागलं. आता बॉम्ब फुटणार म्हणून मामानं डोळे मिटले. फुटलं ते हसू.

"गाढवा! आण आता खरी."

भाचीनं स्वतः नळ सोडला. घाईत अर्धा ग्लास फेसच आला. दाजींनी घोट घेतला. मान हलेना. दुसरा घेतला. तिसरा. ग्लास रिकामा झाला, फेस मिशीला लागला, तरी मान जागच्या जागी.

"बाबा, बोला ना काहीतरी!"

"काय बोलू? माझ्यापेक्षा चांगली झालीय, हे तोंडानं कबूल करायला अजून एक ग्लास लागेल."

मामा लगबगीनं नळाकडं निघाला.

"तू नको," दाजी म्हणाले. "माझी लेक भरेल."