खदानीतली बुडी

आदिनाथ नांदेडला गेला होता तो मेससाठी जुनी कढई बघायला. त्याची बायको उज्वला लातुरात क्लासच्या पोरांची मेस चालवायची. बारावीच्या निकालांत लातूरचं नाव गाजायला लागल्यापासून लांबलांबचे आईबाप पोरांना आणून सोडत होते, गल्लीतल्या घरांवर मजले चढत होते, आणि उज्वलाला दर जूनला आधीपेक्षा मोठं भांडं लागत होतं. नांदेडच्या इतवाऱ्यात वकारचं जुन्या सामानाचं दुकान होतं. तिथं सगळं स्वस्तात मिळायचं आणि वकार आदिनाथचा जुना दोस्त होता.

वकार कढई शोधायला आत गेला तेव्हा आदिनाथला खिळ्याला अडकवलेली रबरी नळी दिसली. नळीच्या टोकाला तोंडात धरायचा रेग्युलेटर होता. त्यानं तो काढून पुसला. रबरावर कुणाच्या तरी दातांचे वण होते. त्यानं ते दातांत धरलं आणि ओढ घेतली. हवा येणार नव्हतीच. तरी तो तसाच, डोळे मिटून, भंगाराच्या ढिगात उभा राहिला.

वकार कढई घेऊन बाहेर आला, त्यानं बघितलं आणि कढई खाली ठेवून दिली. मुंबईच्या जहाजतोडीतून माल आला होता, त्यात हे होतं, टाकीपण मागं पडलीय, असं तो जरा वेळानं म्हणाला.

दोघं तरुणपणी मुंबईच्या गोदीत एका ठेकेदाराकडं होते. आदिनाथ पाणबुड्या होता. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचे, बुडाला लागलेली शंखशिंपली खरवडायची, बुडालेलं सामान चाचपडून शोधायचं, हे त्याचं काम. वकार वर बसून त्याच्या कमरेचा दोर धरायचा. दोराला एक हिसका दिला की वरून विचारणा, खालून एक हिसका आला की ठीक आहे. हिसक्याला जवाब आला नाही तर विचार न करता वर ओढायचं. सात-आठ वर्षं आदिनाथचा जीव वकारच्या मुठीत होता आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग त्र्याण्णवच्या गणपतीला आदिनाथ सुट्टीवर गावी आला. गाव किल्लारीपासून जवळच. पहाटे भूकंप झाला तेव्हा तो आणि त्याची सहा वर्षांची रेणुका खोलीत झोपलेले होते, उज्वला अंगणात. माती-दगडाचं घर दोघांवर बसलं. दुपार कलल्यावर लोकांनी आदिनाथला बाहेर काढलं. उजवा पाय मांडीत मोडला होता. रेणुकाला त्याच्यानंतर काढलं, ती गेलेली होती. पायात सळई बसली, पाय आखूड झाला, गोदीतलं काम सुटलं. सरकारनं नवं गाव बांधून दिलं, पण नवराबायकोचा तिथं पाय ठरेना. ते लातूरला आले आणि पुढं मूल झालं नाही. त्या दिवसाविषयी दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी आदिनाथ कढई आणि रेग्युलेटर, दोन्ही घेऊन लातूरच्या बसमध्ये बसला.

उज्वलानं रेग्युलेटर बघितला आणि हे कशाला म्हणून विचारलं. तो म्हणाला, पाण्यात गेलं की लंगडावं लागत न्हाई. 

नवं सामान घेण्याची त्याची ऐपत नव्हती आणि लातुरात ते विकायला तरी कोण बसलं होतं? तो एकेक जमवत गेला. टाकी वकारनं दिली. पाण्यात घालायचा रबरी पोशाख त्याच मालात निघाला, तो कुण्या जाड्या माणसाचा होता आणि गुडघ्यांवर फाटलेला. पंक्चरवाल्यानं त्याला सायकलच्या ट्यूबचे तुकडे सोल्युशननं चिकटवून दिले. पायातले पंखे मिळाले ते दोन मापांचे; मोठा त्यानं आखूड पायात चिंध्या कोंबून बसवला. कमरेला लावायचं शिसं मिळेना, म्हणून किराणा दुकानातली लोखंडी वजनं आणली आणि स्कूटरची सीट शिवणाऱ्या शिवप्पाकडून कॅनव्हासच्या पट्ट्यात शिवून घेतली. हे कशाला म्हणून शिवप्पानं विचारलं, तेव्हा आदिनाथनं पाठदुखीला म्हणून सांगितलं.

अडचण हवेची होती. पंक्चरच्या कॉम्प्रेसरची हवा चालत नाही, तिच्यात तेल असतं. हैदराबादला धरणाच्या दरवाजांची कामं घेणारा एक ठेकेदार होता, त्याच्याकडं श्वासाची हवा भरून मिळायची. वकारनं ओळखीच्या ट्रकवर टाकी हैदराबादला पाठवायची, ती तपासून, भरून यायची आणि मग तो स्वतः तिला लातूरला घेऊन यायचा. एका बुडीसाठी इतका खटाटोप.

जागा आदिनाथनं आधीच हेरून ठेवली होती. औशाच्या रस्त्याला एक दगडाची खदान बंद पडलेली होती. खोल खणत गेल्यावर झरे लागले होते आणि ती भरून राहिली होती. हिवाळ्यात पाणी निवळलं की काठावरून खालचा काळा खडक दिसायचा.

पहिल्या बुडीला दोघं डिसेंबरात गेले, उन्हं चांगली वर आल्यावर. वकारनं दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. आदिनाथ काठावरून ढुंगणावर सरकत पाण्यात उतरला, कारण सामानाच्या वजनासकट त्याला उभं राहता येत नव्हतं. डोकं पाण्याखाली गेलं आणि वजन नाहीसं झालं.

दीड पुरुष खोलीवर दगड काढताना सोडलेला एक कट्टा होता. तिथं हिरवा उजेड होता. बोटाएवढे मासे त्याच्या हातांभोवती फिरले. दुखरा पाय दुसऱ्या पायासारखाच हलत होता. त्यानं तो वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो पाय त्याला आपला वाटला. वकारचा हिसका आला की तो लगेच उलटा हिसका देत होता. वर आला तेव्हा त्याचं तोंड असं काही उजळलं होतं, की वकारला गोदीतला पोरगा दिसला.

पुढच्या दिवसांत आदिनाथ मेसची भाजी निवडताना खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणायचा. जेवायला येणाऱ्या पोरांची तो नावं विचारायला लागला. उज्वला हे सगळं बघत होती. तिला बरं वाटत होतं आणि धास्तीही वाटत होती, असं तिनं पुढं एकदा वकारच्या बायकोला सांगितलं.

टाकी दुसऱ्यांदा भरून यायला फेब्रुवारी उजाडला. या खेपेला आदिनाथला कट्ट्याच्या खाली जायचं होतं, तळापर्यंत. वकारला ते पटलं नव्हतं, पण गोदीत आदिनाथ याहून किती खोल जायचा हे त्याला ठाऊक होतं.

कट्ट्याखाली उजेड कमी होत गेला. चार पुरुष खोलीवर तळ लागला. तळाला दगडाच्या भुकटीचा गाळ होता. पायातल्या मोठ्या पंख्याचा फटका बसला आणि गाळ एकदम उठला. एका क्षणात आदिनाथला स्वतःचा हातसुद्धा दिसेनासा झाला.

गोदीच्या चिखलात तो वर्षानुवर्षं असाच आंधळ्यासारखा काम करत आला होता. पण ते सगळं भूकंपाच्या आधीचं. आता चारी बाजूंनी काळोख होता, अंगावर दाब होता, पाठीला खडक लागत होता, आणि ऐकू येत होता फक्त स्वतःचा श्वास. आत जाणारा, बाहेर येणारा. त्यानं पुढचा श्वास भरून घेतला आणि रोखून धरला.

तो ऐकायला लागला.

वर वकारनं हिसका दिला. जवाब आला नाही. पाण्यावर येणारे बुडबुडे थांबले होते. त्यानं पुन्हा हिसका दिला, आणि मग गोदीतल्या नियमाप्रमाणं दोन्ही हातांनी ओढायला लागला. आदिनाथ वर येत होता आणि त्याचा श्वास अजून रोखलेलाच होता. खालच्या दाबात भरलेली हवा वर येताना छातीत फुगत गेली. काठाला आला तेव्हा त्याच्या तोंडातून लाल फेस येत होता.

लातूरच्या एका दवाखान्यात त्याला दाखल केलं. त्याच्या मानेला बोट लावलं की कातडीखाली शिरलेली हवा करकर वाजत होती. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, की फुप्फुस फाटलंय, वाचला हेच खूप. यापुढं पाण्यात जाणं नाही, ओझं उचलणं नाही, जिना चढताना दम लागेल तो लागणारच.

वकार दाराशी उभा होता. आपण हळू ओढायला पाहिजे होतं, असं तो सारखा म्हणत होता. आदिनाथनं त्याला हातानं जवळ बोलावलं आणि बसलेल्या आवाजात सांगितलं, की तू बरोबर केलंस. वकारनं मान हलवली. पण त्यानंतर तो लातूरला आला नाही. उज्वलानं फोन केला की प्रकृती विचारायचा आणि लगेच ठेवून द्यायचा.

तिसऱ्या दिवशी आदिनाथला जरा बोलता यायला लागलं. खाटेपाशी उज्वला एकटीच होती. तिनं विचारलं, "श्वास कशापायी रोखला? तुम्हाला तर सगळं ठाऊक हाय."

तो छताकडं बघत म्हणाला, "ऐकत व्हतो."

काय, हे उज्वलाला विचारावं लागलं नाही. तिनं लुगड्याचा पदर दोन्ही हातांत गच्च धरला.

"आलं का ऐकू?"

"न्हाई."

 बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीला तिचा मुलगा पेज भरवत होता. उज्वला म्हणाली, "तव्हा बोलली का ती काही? म्या कधी विचारलं न्हाई तुम्हाला."

"बोलली." त्याला मधेमधे थांबावं लागत होतं. "उजाडलं का बाबा, म्हणायची. सारखी. म्या म्हणायचो, आत्ता उजाडंल. तुझी माय दिवा घेऊन यायलीय म्हणायचो. मग विचारायची थांबली. नुसता श्वास येत व्हता. मग त्योबी..."

"किती वेळ?"

"ठाऊक न्हाई. आत काय कळतंय."

उज्वला इतकी वर्षं समजून होती, की पोर झोपेतच गेली. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंच ते धरून ठेवलं होतं आणि त्याच्यावर दिवस काढले होते. आदिनाथला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की छाती मोकळी होईल. तशी ती झाली नाही. बोलून झाल्यावर त्याला जोराचा खोकला आला आणि उज्वलानं त्याला धरून बसवलं. नंतर ती हात धुवायला म्हणून गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली.

दवाखान्यातून सुटल्यावर तो घरी आला, पण पूर्वीसारखा राहिला नाही. तो पोचवायचा ते डबे पोचवायला उज्वलानं दुसरा माणूस ठेवला. जून आला, नवी पोरं आली, त्यांची नावं आदिनाथनं विचारली नाहीत. तो सकाळी ओट्यावर बसून तांदूळ निवडायचा आणि दम लागला की सूप बाजूला ठेवायचा.

उज्वलात बदल झाला होता तो वेगळाच. ती त्याच्याशी चांगलंच बोलायची, जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची. पण एकदा पोळ्या लाटता लाटता तिनं मागं न बघता विचारलं, "म्या दिवा घेऊन यायलेय, असं का सांगितलं तिला? म्या तर भाईरून तिला न्हाई, तुम्हालाच हाका मारत व्हते."

 तव्यावरची पोळी करपायला लागली होती. तिनं ती उलटली आणि पुढची लाटायला घेतली. बाहेर पोरं ताटं घेऊन ओळीनं बसायला लागली होती.