मधोमध उभा राहणारा काटा

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. लाल रंगाच्या, दोनच माणसं बसतील अशा एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर, गोल काचेमागे मी राहतो. इंजिनाभोवती खेळणारं पाणी किती तापलं आहे एवढंच सांगणं माझं काम. डावीकडे गार, मध्ये ठीक, उजवीकडे धोक्याचा तांबडा पट्टा. इतकं सोपं काम, आणि तेही मी नीट केलं नाही. माझ्यामुळे एका गुणी बाईच्या नावाला बट्टा लागला. ती गोष्ट मला आत कुरतडत असते, म्हणून आज तुमच्यापाशी बोलायला बसलो आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वी अर्जेंटिनातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका कारागिरिणीनं मला चिमट्यात धरून जागेवर बसवलं, नीट हलतो का पाहिलं आणि पुढच्या काट्याला हात घातला. कोर्दोबाच्या डोंगराखालच्या एका गावात अन्सेल्मो नावाचा बेकरीवाला राहत होता. त्यानं ती गाडी घेतली आणि मी त्याच्या घरचा झालो. गावात हौशी गाडीवाल्यांचं एक मंडळ होतं. दर नोव्हेंबरात सगळे मिळून घाट चढायचे आणि वर पोचल्यावर निखाऱ्यांवर मांस भाजून जेवायचे.

पहिल्याच वर्षी घाटात आमचं पाणी उकळलं. वाफेचा लोट पाहून अन्सेल्मोची बायको नेलिदा तान्ह्या मुलीला छातीशी धरून रस्त्यावरून पळत सुटली. त्या दिवसापासून ती गाडीत बसली की डोंगर बघायची नाही, फक्त मला बघायची.

"अन्सेल्मो, काटा वर चाललाय!"

"दिसतंय गं मला."

"मग थांबव!"

"दर वळणाला थांबलो तर वर पोचेपर्यंत मांसाचा कोळसा होईल, बाई."

"होऊ दे कोळसा! माझा तर नाही ना होणार?"

शेवटी एका वर्षी ती मध्येच उतरली, चालत घरी आली आणि पुन्हा त्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणाली. तिच्याशिवाय अन्सेल्मोला घाट गोड लागेना. मग एका दुपारी, नेलिदा झोपलेली असताना, त्यानं डॅशबोर्ड उघडला आणि माझ्याकडे येणाऱ्या तारेत वीज अडवणारा एक चिमुकला तुकडा जोडला. तेव्हापासून पाणी कितीही तापलं तरी मी मधोमध येऊन थांबायचो. पुढे सरकायला माझ्यात जोरच उरला नव्हता.

पण खरं सांगू? मला त्याचं दुःखही झालं नाही. उलट माझं कौतुक सुरू झालं. नेलिदा पुन्हा गाडीत बसू लागली. हातात माते, आमच्याकडचा तो कडू पाल्याचा काढा, नळीनं ओढत ओढत ती मला म्हणायची, "शहाणा काटा गं बाई माझा!" मी काचेमागे फुगून बसायचो. गाडी खरोखर तापली की अन्सेल्मोला ते आवाजावरून, वासावरून कळायचं. मग तो वळणावर गाडी बाजूला घ्यायचा आणि म्हणायचा, "चल, जरा दरी बघू." इंजिन निवेपर्यंत तो तिचा हात धरून उभा राहायचा. नेलिदा गावभर सांगायची, "आमच्या ह्याला अजून माझ्याबरोबर देखावा बघावासा वाटतो." ते ऐकताना मला कसंसंच व्हायचं, पण पुढच्या कौतुकापर्यंत मी ते विसरून जायचो.

अशी तीस वर्षं गेली. गाडी म्हातारी झाली. रेडिएटरच्या नळ्या गाळानं बुजल्या, पंप गळू लागला. अन्सेल्मोनं गाडी ओतिलियाकडे नेली. तिचा बाप हिलारियो गावातला नावाजलेला रेडिएटरवाला. तो गेल्यावर दुकान पोरीनं हाती घेतलं होतं, आणि गावातली पुरुषमंडळी अजून तिच्या दारातून आत वाकून "वडील नाहीत का?" असं मुद्दाम विचारत.

ओतिलियानं जीव ओतून काम केलं. जाड, नवा रेडिएटर बसवला, पंप बदलला, सगळे पाइप बदलले. इंजिनाबरोबर फिरणारा जुना लोखंडी पंखा काढून त्या जागी विजेचा पंखा लावला.

"काका, तापलं की पंखा आपोआप सुरू होईल, अशी सोय करून देते."

"नको. माझ्या गाडीत मला न विचारता काही सुरू झालेलं चालायचं नाही. मला बटण दे."

"हट्टीच आहात. बरं, पण काटा मध्याच्या पुढे सरकला की लगेच पंखा लावायचा. काटा बरोबर दाखवतो ना?"

अन्सेल्मोनं नेलिदाकडे पाहिलं. ती शेजारीच उभी होती.

"बरोबर म्हणजे काय!" नेलिदाच म्हणाली. "तीस वर्षं बघतेय, पोरी. सोन्यासारखा आहे."

अन्सेल्मो म्हणाला, "हो, बरोबर आहे." बापाच्या मित्राचा शब्द म्हणून ओतिलियानं तो मानला. त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्या नोव्हेंबरात अन्सेल्मोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. नेलिदा म्हणाली, "मी चालवते. बेकरीची व्हॅन काय तुझ्या आईनं चालवली इतकी वर्षं?" घाटात आमच्यापुढे गुरांनी भरलेला एक ट्रक लागला. ओलांडायला जागा नाही. गाडी मुंगीच्या पावलानं चढू लागली, वारा लागेना. पाणी तापत चाललं होतं. मी मधोमध उभा होतो.

अन्सेल्मो अस्वस्थ झाला. "नेलिदा, पंखा लाव."

"कशाला? काटा मध्यावरच आहे. ओतिलियानं काय सांगितलंय? मध्याच्या पुढे गेला तर."

"तरी लाव गं."

"चालवतंय कोण, तू की मी? तीस वर्षं मला म्हणालास, काट्यावर विश्वास ठेव. आज ठेवलाय, तर गप्प बस."

सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. अन्सेल्मोनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. पुढच्या वळणावर मोठा आवाज झाला आणि पांढरी वाफ काचेवर आदळली. नेलिदा खाली उतरली. आणि मी? मी अजूनही मधोमध होतो.

मंडळाचे लोक जमले. फेर्मिन नावाचे अध्यक्ष बॉनेट उघडून म्हणाले, "बापाचा हात पोरीला आलेला नाही, एवढाच याचा अर्थ." अन्सेल्मो बुटांकडे बघत राहिला. त्या आठवड्यात मंडळातल्या दोघांनी ओतिलियाकडे दिलेल्या गाड्या काम अर्धवट असतानाच परत नेल्या.

मोडकी गाडी तिच्याच दुकानात उभी होती. आठ दिवसांनी तिनं नवरा-बायकोला बोलावलं. शेगडीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं. इंजिनातला तापमान ओळखणारा भाग तिनं काढला होता आणि लांब तार लावून तो माझ्याशी जोडला होता.

"काकू, हे पाणी उकळतंय ना?"

"मग काय! डोळे आहेत मला."

ओतिलियानं तो भाग पाण्यात बुडवला. "आता काटा बघा."

मी सगळा जीव एकवटला, मित्रांनो. तांबड्या पट्ट्यापर्यंत जायला धडपडलो. पण मध्यावर येऊन थांबलो तो थांबलोच. शेजारी पाणी उकळत होतं आणि मी तिघांसमोर सांगत होतो की सगळं ठीक आहे.

"तारेत एक तुकडा सापडला," ओतिलिया हळूच म्हणाली. "मी आधीच तपासायला हवं होतं, काका. तुमच्या शब्दावर गेले."

अन्सेल्मो स्टुलावर बसला. "मीच जोडला. तू घाबरायचीस, नेलिदा. तू बरोबर यावंस म्हणून."

"आणि ते दरी बघणं?"

त्यानं मान खाली घातली. नेलिदानं शेगडी विझवली. मग म्हणाली, "भित्री होते रे मी. मूर्ख नव्हते. मला घाबरू द्यायचं होतंस." तिनं न लपवता डोळे पुसले आणि ओतिलियाकडे वळली. "काढ तो तुकडा. आणि तू, अन्सेल्मो, रविवारी मंडळात सगळ्यांसमोर उभा राहून हे सांगायचंस. ही पोरगी तिथे बसलेली असताना."

अन्सेल्मोनं सांगितलं. जेवण निम्म्यावर आलेलं असताना उठला, टोपी हातात घेतली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मग ओतिलियाकडे वळून तिची माफी मागितली. फेर्मिन ताटात मान घालून बसले. नेलेल्या दोन गाड्यांपैकी एक दुसऱ्या दिवशी दुकानात परत आली. दुसरी अजून आलेली नाही.

आता मी पुन्हा खरं दाखवतो. घाटात वर सरकलो की नेलिदा घाबरते, पंखा लावते, वाटलं तर थांबते. माझं कौतुक मात्र आता कुणी करत नाही, आणि ते योग्यच आहे. अन्सेल्मोला तोंड होतं, त्यानं माफी मागितली. मला तीही मागता येत नाही. म्हणून तुम्हाला एवढंच विनवतो, मित्रांनो: कुणी भेदरून "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं, तर नुसतं त्याला गप्प करायला "ठीक आहे" म्हणू नका. आत पाणी उकळत असेल, तर उकळतंय म्हणून सांगा. ऐकणारा घाबरेल, पण गाडी वेळेत थांबवेल.