बिट्टीच्या पाठीचा पट्टा

मी पाठीचा पट्टा बोलतोय. काखेपासून कमरेपर्यंत आवळून धरणारं कडक प्लास्टिकचं कवच. दिसायला भिकार आहे, पण तुम्हा मोठ्या माणसांपेक्षा बरा.

बारा वर्षांच्या बिट्टीचा कणा वाकत चालला होता. माझ्या मापासाठी ती अंगावर ओलं प्लास्टर घेऊन कुडकुडत उभी होती आणि डॉक्टर, आई, बाबा तिच्या डोक्यावरून बोलत होते.

"रोज वीस तास घालायचा," डॉक्टर म्हणाले.

"घालेल की. न घालून सांगते कोणाला!" आई म्हणाली.

मला वाटलं, पोरगी मुकी असावी.

मुकी कसली! रोज सकाळी आईसमोर मला घालायची आणि शाळेत पोचताच खेळाच्या खोलीत गाद्यांमागे कोंबायची. घरी दार लावलं की मी पलंगाखाली. आठ महिने हे चाललं, कोणाला पत्ता नाही. म्हणे काळजी!

मग एक्स-रेत वाक वाढलेला दिसला. "आता ऑपरेशनच," डॉक्टर म्हणाले.

"पुढच्या महिन्यात उरकू, मला रजा आहे," बाबा म्हणाले. उरकू! जणू भिंतीला रंग काढायचा होता.

तोवर मला घालायचंच होतं, म्हणून मी नीट बसतो का हे बघायला डॉक्टरांनी पट्टे बनवणाऱ्या बाईंना बोलावलं.

"कुठे टोचतं गं?"

"तिला काही टोचत नाही," आई म्हणाली.

"तुम्हाला नाही विचारलं."

बिट्टीने हात वर केला. काख सोलवटली होती. "जेवल्यावर श्वासही कोंडतो," ती म्हणाली. बाईंनी माझी कड तापवून वळवली, पोटापाशी कापलं. लाज माझी मलाच वाटली.

तेवढ्यात बिट्टी डॉक्टरांकडे वळली. "ऑपरेशन आत्ता नको. शाळा सुटल्यापासून सकाळपर्यंत घालीन. शाळेत नाही."

"तास कमी पडतील."

"आत्ता किती भरतात माहितीये? जेमतेम दोन."

"खोटारडी!" बाबा ओरडले. डॉक्टरांनी मात्र एक्स-रे खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.

"वाक आणखी वाढला तर ऑपरेशन टळणार नाही. कळतंय?"

"कळतंय. सहा महिने द्या."

तिने शब्द पाळला. सहा महिन्यांनी वाक तेवढाच होता. पुढे दोन वर्षांनी तिची उंची वाढायची थांबली, वाक वाढायचं भय सरलं आणि मी सुटलो.

हल्ली बाबा पाहुण्यांना ऐकवतात, "आमच्याकडे मुलांना विचारूनच सगळं होतं." ऐकून घ्यावं लागतं. प्लास्टिकला ओकता येत नाही.

काल बिट्टीने मला कचऱ्यात टाकायला काढलं. "आठवण म्हणून ठेवूया ना," आई म्हणाली.

"नको."

मी निघालो. कृपा करून मध्ये कोणी बोलू नका.