माह्या वाट्याचं सागवान

सागवान घ्यायचं तर सुलोचनाबाईले विचारून घ्या, असं सेलूत अजूनही लोक म्हणते. बढाई नाई मारून राह्यली. फळी आधी उचलून पाहाची, वजन हातालेच समजते. काठाले पांढरी पट्टी असली तर बाजूले ठेवाची, कारण उधई, म्हणजे वाळवी, पह्यले तिथंच लागते. रंधा मारला का वास घ्याचा, चामड्यासारखा तेलकट वास आला पाहिजे. अन् शेवटी बोटाच्या पेरानं ठोकून पाहाची. भरीव फळी ठक् करते, चिपकवलेली भदभद करते. हे सारं मले माह्या बाबानं शिकवलं. अन् इतकं शिकूनसवरून मी फसली, ते बी सख्ख्या भावाच्या हातानं.

बाबा म्हणजे हिंगणीचे महादेवराव. मी झाली त्या साली त्यानं विहिरीजवळच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, सागवानाचं रोप लावलं. मी शाळेत जाऊ लागली तवा झाड मांडीएवढं झालतं. बाबानं त्याच्यात एक लोखंडी आकडा ठोकला, शिदोरी टांगाले, मुंग्या लागू नये म्हून. पुढं झाड फुगत गेलं अन् आकडा पुरा पोटात गेला. बाबा म्हणे, सागवानानं लोखंड गिळलं का आतून काळं पडते, अन् तो डाग कितीही घासा, जात नाई. मंग माह्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "सुलू, तुह्या घराचं दार याचंच करजो."

शहाण्णवच्या साली बाबा गेला. वर्ष व्हायच्या आत माहा लहान भाऊ धनंजय हक्कसोडीचे कागद घेऊन आला. आमच्याकडं पोरी सही करून देतेच. वावर भावाले जाते, अन् बहिणीले माहेर राह्यते. मी बी केली, अन् हासत केली. सही करता करता इतकंच म्हटलं का ते धुऱ्यावरचं झाड तेवढं माहं. धनंजय म्हणे, "ताई, ही काय सांगाची गोठ आहे? झाड तुहंच." आता भावाकडून कोणती बहीण झाड कागदावर लिहून घेते? मी बी नाई घेतलं.

मंग दरवर्षी भाऊबीजेले मी त्याले झाडाचं विचारू. तो दोन्ही हात पसरून दाखवे, आता कवेत मावत नाई म्हणे. मले कोण आनंद होये. माहे मालक प्रभाकरराव चिडवत, का तू भावाची कमी अन् झाडाचीच तब्येत जास्त विचारते.

दोन हजार चारमध्ये आम्ही सेलूत घर बांधाले काढलं. त्याच साली धनंजयनंही हिंगणघाटले काढलं, तिथं तो कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीले होता. झाड तोडाची परवानगी ज्याच्या नावावर सातबारा त्यालेच भेटते, म्हून सारं त्याच्याच हातात होतं. उन्हाळ्यात त्याचा फोन आला, का झाड कापलं, आरा मशीनवर फळ्या पाडल्या, येऊन पसंत करून घे.

मी पदर खोचूनच गेली. तीस-पस्तीस फळ्या रचून ठेवलेल्या होत्या. एकेक उचलली, वास घेतला, ठोकली, काठ पाह्यले. माल एक नंबर होता, गाठ नाई का भेग नाई. पण मी काळा डाग शोधून राह्यली होती, तो कुठंच दिसे ना. धनंजयले विचारलं तर म्हणे, आऱ्याचं पातं तुटंल म्हून तेवढा तुकडा आधीच कापून फेकला. तो तुकडा तरी दे म्हटलं, तर जळणात गेला म्हणे. मले वाईट वाटलं, पण पटलं. मी दाराले लागते तेवढ्या बारा फळ्या काढल्या अन् बैलबंडीत टाकून घरी आणल्या.

आमचे सुतार बंडूजी, साठीचे, कमी बोलणारे. दुसऱ्या दिवशी रंधा मारता मारता ते थांबले अन् म्हणाले, "बाई, हे धुऱ्यावरचं झाड नोहोय." विहिरीचं पाणी पिलेलं झाड दणादण वाढते, त्याच्या रेषा दूरदूर राह्यते. ह्या रेषा केसासारख्या बारीक, हे जंगलातलं लाकूड होय, अन् त्याहून भारी होय, असं त्यायचं म्हणणं. मले असा राग आला बाप्पा! माह्या बाबाचं झाड मले नाई ओळखू येत काय, असं काहीबाही बोलली, अन् त्या दिवशी त्यायले चहा बी नाई देल्ला. रेषा मलेही दिसून राह्यल्या होत्या. पण भावावर शक घ्याचा कसा?

वास्तूची तारीख निघाली. पह्यली पत्रिका माहेरी, म्हून मी एकटीच हिंगणघाटले गेली. धनंजयच्या नव्या घराचं दार बंद होतं. घंटी वाजवाले हात उचलला अन् तसाच राह्यला. दाराच्या मधल्या फळीवर बोटभर लांब काळा डाग होता, खाली ओघळल्यासारखा. मधात भोक पडलं होतं, ते लाख भरून बुजवलेलं. रेषा दूरदूर, बोटबोट अंतराच्या. मी पेरानं ठोकून पाह्यलं.

आवाज ऐकून वर्षालीनं, माह्या भावजयीनं, दार उघडलं. तिले बिचारीले काहीच माहीत नोहोतं. मी डागाकडं पाहून राह्यली हे तिनं पाह्यलं अन् आपणहून सांगतलं, "तीनदा घासलं ताई, पण जातच नाई. झाडात आकडा निघाला म्हणे, मशीनचं पातं तुटलं." मांगून धनंजय आला. त्याचं तोंड पांढरं पडलं.

पाणी पिऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मले बी वाटलं ताई, आपल्या घराले बाबाच्या हातचं काही असावं. तुले तर मी त्याहून भारी लाकूड घेऊन देल्लं."

"मी भारी लाकूड कधी मांगतलं?" मी म्हटलं. "तुह्याकडं त्याच्या हातची विहीर आहे, वावर आहे, बांध आहे. मी एक झाड ठेवलं होतं. अन् तुले ते बी पाहिजे होतं तर तोंडानं मांगाचं होतं. अर्धं कापून देल्लं असतं मी."

मले रडू येऊन राह्यलं होतं, पण त्याच्यासमोर नाई रडली. आरा मशीनवर मी एकेक फळी हुंगून पाहत होती अन् हा बाजूले उभा राहून पाहत होता, ते आठवलं का अजून आंगाची आग होते. वर्षालीले कुंकू लावलं, तिचा काय दोष. पत्रिका पिशवीतच राहू देल्ली.

जेवून जा, जेवून जा, असं ती म्हणत राह्यली. मी चपला घातल्या, बाहेर आली, अन् दार माह्याच हातानं ओढून घेतलं. ठक् असा भरीव आवाज आला, बाबा ठोकून दाखवे तसाच. त्यानं माह्या घरासाठी वाढवलेलं दार होतं ते, अन् मी त्याच्या बाहेर उभी होती.