बंदराकडच्या गोलची जाळी

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो, आणि सध्या माझा जीव काही थाऱ्यावर नाही. का, ते सांगते.

माझा जन्म हर्णेचा. होडीचा तांडेल भागोजी, त्याने मला स्वतःच्या हाताने विणलं. तेव्हा मला जाळं म्हणत. ऐटीत समुद्रात उतरायचं आणि सुरमई-पापलेट घेऊन वर यायचं! संध्याकाळी लिलावात बायका म्हणायच्या, “भागोजीचं जाळं रिकामं येत नाय हो!” मग एकदा खडकाला अडकून मी उभी फाटले. भागोजीने नवं जाळं आणलं आणि मी पडवीमागे जाऊन पडले. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. समुद्र पाहिलेल्या जाळ्याची ही गत!

तिथून मला ओढून काढलं भागोजीच्या लेकीने, राहीने. ती कॉलेजात गेली आणि मुलींच्या फुटबॉल संघात शिरली. मैदानातल्या एका गोलला जाळी होती, बंदराकडचा गोल मात्र उघडाबोडका. “बाबा, द्या ना ते जाळं!” म्हणून तिने भंडावून सोडलं. शेवटी भागोजीने मला सांधलं आणि स्वतः खांबांना बांधलं. पोरींनी माझी जाळी करून टाकली. मला तर आवडलंच! मासा बिचारा गुपचूप येतो. चेंडू कसा धाडकन येतो, आणि मागोमाग अख्खं बंदर ओरडतं.

हो, अख्खं बंदर. आमच्या पोरींचा सामना असला की खलाशी, मासळीवाल्या, सगळे कडेला हजर. म्हणूनच यंदा नवे प्रशिक्षक आले तेव्हा केवढा भडका उडाला! हर्षद सर आले ते खेडहून. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात खेडच्या कॉलेजने आम्हाला हरवलं, त्या संघाला शिकवणारे हेच.

“जगबुडी नदीच्या गोड्या पाण्यातला मासा,” भागोजी गरजला, “खाऱ्या पाण्यात जगतो काय?”

लिलाव पुकारणारा धाकू तर पालथ्या टोपलीवर उभाच राहिला. “खेडचे सर, ताजे सर! घेता काय कुणी? फुकट न्या, वर बर्फ देतो!”

सगळे खो खो हसले. राही हसली नाही. आजवर बचावात उभ्या असलेल्या तिला हर्षद सरांनीच पहिल्यांदा पुढे खेळवलं होतं. “धावताना तू मागे बघत नाहीस,” ते म्हणाले होते, “मग मागे उभी कशाला राहतेस?” सर गेले तर तीही पुन्हा मागे जाणार. आणि प्राचार्यबाईंनी तर लोकांना सांगूनच टाकलं होतं, “खेडशी सामना होऊ दे. निकाल बघून सरांचं ठरवू.”

लोकांना तेवढाही धीर नव्हता. सामन्याच्या आदल्या दिवशी भागोजी मैदानात आला आणि माझ्या गाठी सोडू लागला.

“बाबा, काय करता?”

“जाळं माझं आहे. खेडवाल्याच्या संघाला देनार नाय.”

“संघ माझाय, बाबा!”

त्याने ऐकलं नाही. मला कुंपणावर ताणलं आणि माझ्यावर पुठ्ठ्याची अक्षरं बांधली: ‘हर्षद सर, परत जा!’ ज्या अंगाने मी पोरींचे गोल झेलले, त्याच अंगावर हे! मी रात्रभर कुंपणावर फडफडत राहिले.

सामना सुरू झाला. राही मुसंडी मारत आली ती नेमकी बंदराकडच्या उघड्या गोलवर. काय फटका मारला! चेंडू खांबाला चाटून आत शिरला आणि थेट मागच्या सुरूच्या झाडांत गेला. मी पाहिलं! सगळ्या बंदराने पाहिलं! पण पंच लांब होते. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, हे दाखवायला मागे मी नव्हतेच. त्यांनी हात हलवला. गोल नाही.

“आतून गेला हो, आतून!” भागोजी कुंपणावर चढून ओरडला.

“मग जाळी का नाही लावली?” पंचांनी विचारलं.

भागोजी कुंपणावरून खाली उतरला.

मध्यंतरात त्याने पुठ्ठे ओरबाडले आणि धावत नेऊन मला बांधलं. पण मित्रांनो, मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात! आता माझ्यापुढे आमचीच गोलरक्षक सानवी उभी. शेवटी शेवटी खेडच्या मुलीचा चेंडू तिच्या बोटांवरून आला आणि माझ्यात रुतला. मी धरला. काय करणार? यांचा धरायचा नि त्यांचा सोडायचा, हे जाळीला जमत नाही.

एक-शून्य. हरलो.

लगेच धाकूने सुरू केलं, “हर्षद सर, परत...”

“गप रे, धाकू!” भागोजी कडाडला. “सरांनी नाय घालवला सामना. माझ्या पोरीचा गोल मी सोडून नेला.” मग तो प्राचार्यबाईंसमोर जाऊन उभा राहिला. “बाई, निकाल बघून ठरवनार ना? मग हा निकाल माझ्या नावावर घाला.”

बाई वळून कॉलेजाकडे चालू लागल्या. राही माझ्याजवळ आली. तिने माझी एक सैल गाठ शोधली आणि करकचून आवळली.

बाईंचा निर्णय अजून आलेला नाही. मित्रांनो, राग आला तर खुशाल ओरडा. पण आपल्याच माणसाच्या मागची जाळी सोडून नेऊ नका. जाळी पुन्हा बांधता येते हो, गेलेला चेंडू कुठून आणणार?

ती बघा, राही सरावाला आली. सर आलेत का, ते मला इथून दिसत नाही. मार गो राही, जोरात मार. मी मागे आहे!