चीज रोल कोणी आणायचे

लोसाचा पक्षी सगळ्यांना आवडायचा, आणि तिथंच माझं डोकं फिरायचं.

डुनेडिनमध्ये खेळ बनवणारी आमची छोटी कंपनी, माणसं नऊ. आमच्या खेळात एक अल्बट्रॉस समुद्रावर जातो आणि पिल्लाकडे परततो. वारा, लाटा, उजेड हे सगळं माझं, सी प्लस प्लसमधलं. त्यात एक अक्षर बदललं की सगळं पुन्हा कंपाइल होईपर्यंत चाळीस मिनिटं माशा मारत बसायचं. लोसा पक्ष्याचं वागणं लुआ या स्क्रिप्टच्या भाषेत लिहायची, तिला कंपाइलची वाट बघावी लागत नाही. तिनं ओळ बदलली की चालू खेळातच पक्षी मान वळवायचा, आणि लोक तिच्या खुर्चीमागे गोळा व्हायचे. अरे, पण तो उडतो कशावर? माझ्या वाऱ्यावर. वाऱ्याकडे कोण बघतंय!

मेलबर्नच्या मेळ्यात खेळ दाखवायला एकालाच जायचं होतं. आमची मुख्य ब्रॉन शुक्रवारी नाव सांगणार होती. मला ते माझं हवं होतं.

बुधवारी पिल्लू घरटं सोडून गेलं आणि खेळ धाडकन बंद पडला. बिघाडाच्या नोंदीत शेवटची ओळ लोसाची होती. मला मात्र दोन मिनिटांत कळलं. काम झालं म्हणून लुआनं पिल्लू टाकून मेमरीतली जागा मोकळी केली होती. 'थांब, मला ते अजून लागतंय' असं लुआला सांगणारी एक ओळ माझ्या बाजूनं लिहायची राहिली होती. माझा वारा तिथं नसलेल्या पिल्लाची पिसं हलवायला गेला होता.

"कुणाचं आहे हे?" ब्रॉननं विचारलं.

"स्क्रिप्टमधलं," मी म्हणालो.

लोसानं माझ्याकडे पाहिलं. "असेल बाई. बघते मी."

खेळ बंद पाडणाऱ्यानं शुक्रवारच्या चहाला सगळ्यांसाठी चीज रोल आणायचे, ही आमच्याकडची रीत. नऊ वर्षांत मी एकदाही आणले नव्हते, आणि ते येताजाता ऐकवायचो.

लोसानं घरून भाजून आणले. "असे रोल मिळणार असतील तर रोज बंद पाड गं," लोक म्हणाले. म्हणजे चुकलं तरी हिचंच कौतुक.

"ॲलिस्टर, मेलबर्नला तू जा," ब्रॉन म्हणाली. "तिथं भरवशाचं माणूस हवं."

मी तीन रोल खाल्ले.

सगळे पांगल्यावर राहिलेली ओळ गुपचूप लिहायला मी माझी फाइल उघडली. ओळ तिथं होती. शेजारी बदलाची नोंद: बुधवार, दुपारी सव्वाचार, नाव लोसाचं. म्हणजे तीही चाळीस मिनिटं बसली असणार.

मी तिच्या टेबलाशी गेलो. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला जायचंच होतं ना, जा." तिनं एक कागद पुढे केला. "तिकडे सगळे पक्ष्याबद्दलच विचारतील. काय सांगायचं ते लिहून ठेवलंय."

मी जागेवर येऊन कागद उघडला. पहिलीच ओळ होती, 'पक्षी उडतो तो ॲलिस्टरच्या वाऱ्यामुळे.'

नऊ वर्षांत मी कुणावर इतका जळलो नव्हतो.