साध्या पाण्यातलं मीठ

पीएच.डी. पूर्ण करणार, असं मी लग्नाआधीच बजावलं होतं. सासरे पुंजाजी तेव्हा म्हणाले होते, "कर ना बाप्पा." शेलूबाजारला नांदायला आल्यावर कळलं, की त्यांना मी ताप-खोकल्याची डॉक्टर होणार असं वाटलं होतं. माझा विषय हरभरा आहे, तोही खाऱ्या पाण्यातला, हे समजल्यापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. माझ्याविषयी मात्र भरपूर बोलत.

"मी हरभरा पिकवून राह्यलो, आन् माही सून त्याले मीठ पाजून राह्यली!" हे वाक्य हायवेवरच्या पानठेल्यापर्यंत पोचलं होतं. माझा नवरा विकास वडिलांपुढेही मान हलवायचा आणि माझ्यापुढेही.

विषय खरं तर सोपा आहे. बियाच्या पोटात प्रथिनांचा साठा असतो. तो पचवून कोंबाला भरवायचं काम काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. पाणी खारं झालं की ही विकरं हात आखडतात आणि घरात दाणागोटा असूनही कोंब उपाशी राहतो. किती आखडतात ते मी मोजत होते. म्हणून निम्म्या ट्रेमध्ये खारं पाणी, निम्म्यांत साधं. साधं नसेल तर खाऱ्याची तुलना कशाशी करणार?

पहिल्या खेपेला परसातल्या टिनाखाली साध्या पाण्यातले कोंब असे तरारले, की शेजारची सोनीबाई रोज पाहायला येऊ लागली. सासूबाई, म्हणजे प्रयागबाई, मागे उभ्या राहून नुसत्या बघायच्या. चेहरा गंभीर. यांनाही माझं शिकणं खुपतं, हे मी ओळखलं. संशोधक बाई ना मी, निष्कर्ष पटकन निघतो.

पुढच्या खेपा वाशिमला प्रयोगशाळेत मोजल्या, तर साध्या पाण्यातली विकरंही हात आखडून बसलेली! आमचे मार्गदर्शक सर मनाने फार मोठे. म्हणाले, "पहिल्या खेपेचे आकडे थोडे हलवून पुन्हा लिहा. हरभरा काय साक्ष द्यायला येणारे?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी तितक्याच मोठ्या मनाने सगळा प्रयोग नव्याने करायला सांगितला. इकडे पुंजाजींनी विकासकरवी बजावलं होतं, की या हिवाळ्यात झालं तर झालं, नाहीतर शिक्षण बंद.

घरी येऊन मी साध्या पाण्याची बादली उघडली, बोट बुडवून जिभेला लावलं. खारट!

"आई, यात मीठ कोणी टाकलं?"

"म्याच," सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "त्या सोनीची नजर लय वाईट. रोज मीठ ओवाळून टाकतो. पयले चुलीत टाकत होतो, आता गॅसवर कुठं टाकू? पान्यात इरघळलं का नजरबी इरघळते."

मला ओरडायचं होतं. तरी शक्य तितक्या शांतपणे मी सगळं समजावलं. त्या ऐकता ऐकता खाली बसल्या.

जेवताना पुंजाजींनी कित्येक दिवसांनी मला थेट विचारलं, "झालं का मंग?"

"बियाणं खराब निघालं," मी म्हटलं. त्यांच्यापुढे सासूबाईंचं नाव घेणं माझ्याच्याने होईना.

"मंग बंद कर आता."

सासूबाईंनी भाकरी टोपल्यात ठेवली. "बियानं चांगलं होतं. तिच्या पान्यात मीठ म्या टाकलं."

"तुनं? काहून?"

"तिच्या रोपाले नजर लागू नये म्हून."

"कोनाले इचारलं होतं?"

"कोनाले इचारू? या घरात तिचं बरं व्हावं असं मले सोडून कोनाले वाटते?"

विकासने पहिल्यांदाच फक्त आईपुढे मान हलवली.

"उद्या नवं बी भिजव," सासूबाई मला म्हणाल्या. "या खेपेले मीठ नाई टाकत. त्या सोनीलेच दारातून परत लावतो."